एमएसडब्ल्यूला अर्ज करताय? आधी ‘लहानपणापासून आवड’ हे वाक्य खोडा

आमच्या तालुक्याच्या चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की नावाआधी ‘समाजसेवक’ असतंच. त्यामुळे पदवी झालेल्या पोराने घरी ‘एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करतो’ म्हटलं की वडील विचारतात, समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? प्रश्न वावगा नाही. एवढंच की मुलाखतीच्या खोलीतही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, आणि बहुतेक मुलं तिथेच अडखळतात.

पूर आल्यावर किराण्याची किट वाटली ही समाजसेवा. ती चांगलीच गोष्ट आहे, आणि ती करायला कुठली पदवी लागत नाही. पूर ओसरल्यावर कळतं की वस्तीतल्या एका बाईचं नाव पंचनाम्यातच नाही. घर सासऱ्याच्या नावावर, नवरा वारलेला, दीर म्हणतो मदत मला मिळाली पाहिजे. तिचं नाव का आलं नाही, कुठल्या कागदाने येईल, तलाठ्यासमोर तिने स्वतः कसं बोलावं, तिच्यासारख्या अजून किती जणी आहेत आणि त्या एकत्र आल्या तर काय होईल, हे सगळं धरून बसणं म्हणजे समाजकार्य. याला पद्धत आहे. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती अशा सहा पद्धती एमएसडब्ल्यूत शिकवतात. नावं जड आहेत. पण त्या एका बाईच्या पंचनाम्यात या सगळ्या लागतात.

हे शिक्षण आपल्याकडे सुरू झालं ते मुंबईत, नागपाड्याला, १९३६ साली. क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे नेबरहूड हाउस चालवत होते, आणि टाटा ट्रस्टच्या पैशातून ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभं राहिलं. नावातच ‘ग्रॅज्युएट’, म्हणजे पहिल्यापासून हे पदवीनंतरचं शिक्षण. १९४४ मध्ये त्याचं नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आपलं ‘टिस’, झालं. पुढे मुंबईत निर्मला निकेतन १९५५ ला, नागपूरला मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय १९५८ ला आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ला आली. आज विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात जिल्ह्याच्या गावी समाजकार्य महाविद्यालय सापडतं. टिसचा ग्रामीण कॅम्पस तर १९८६ पासून तुळजापूरलाच आहे, हे कितीतरी धाराशिवकरांना सांगावं लागतं.

निवड कशासाठी करतात, ते आधी समजून घ्या

अर्जाची माहिती देण्याआधी थोडं थांबते, कारण त्या दोन वर्षांत काय करायचं असतं हे माहीत नसेल तर फॉर्ममध्ये काय लिहायचं हेही कळणार नाही.

चार सेमिस्टर असतात. वर्गातले पेपर असतातच, पण या शिक्षणाचा कणा फील्डवर्क आहे. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुम्ही कॉलेजात नसता. दवाखान्याचा वॉर्ड, झोपडपट्टी, बालगृह, ग्रामपंचायत, कारखाना, पोलीस ठाण्यातला समुपदेशन कक्ष, जिथे नेमणूक होईल तिथे जायचं. तिथल्या कामाचा लेखी अहवाल दर आठवड्याला द्यायचा आणि तो घेऊन सुपरवायझरसमोर बसायचं. शिवाय ग्रामीण शिबिर असतं, आणि शेवटी महिनाभर एकाच संस्थेत राहून काम करायची ‘ब्लॉक प्लेसमेंट’.

माझं पहिल्या वर्षाचं फील्डवर्क एका सरकारी दवाखान्यात होतं. टीबीचा एक पेशंट औषध मध्येच सोडायचा. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आलाच नाही. मी अहवालात लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: ‘कोणाशी?’

मला राग आला. मग मी त्याला शोधत मजूर अड्ड्यावर गेले. औषधाची खिडकी नऊला उघडायची आणि अड्ड्यावर काम मिळायचं आठला. औषधाला आला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. एवढं साधं होतं ते, आणि मी दोन महिने त्याला टीबी म्हणजे काय हे समजावत होते.

प्रवेशाच्या वेळी समोर बसलेली माणसं हेच चाचपत असतात: या मुलाला ‘कोणाशी?’ हा प्रश्न पडेल का, निदान दुसऱ्याने विचारल्यावर झोंबेल का. तुमची दयाबुद्धी किती आहे हे त्यांना मोजता येत नाही, आणि ते मोजतही नाहीत.

दोन दरवाजे, दोन वेगळी कॅलेंडरं

पात्रता सोपी आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचीच पदवी, असलीच पाहिजे असं नाही. माझ्या वर्गात बीकॉमवाले होते, एक होमिओपॅथ होती, एक जण शेतकी पदवीधर होता. किमान टक्केवारी कॉलेजागणिक बदलते, राखीव प्रवर्गांना सवलत असते. ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, गेल्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

पहिला दरवाजा केंद्रीय प्रवेशपरीक्षेचा. टिस २०२३ पासून समाजकार्याच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी या देशभराच्या सामायिक परीक्षेचे गुण धरतं. पूर्वीची टिसनेट ही त्यांची स्वतःची परीक्षा विसरा. दिल्ली विद्यापीठातलं समाजकार्य आणि कितीतरी केंद्रीय विद्यापीठंही याच परीक्षेवर चालतात. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. आपली मुलं तृतीय वर्षाचा निकाल लागल्यावर जूनमध्ये जागी होतात. तोवर हा दरवाजा बंद झालेला असतो. दरवर्षी जूनमध्ये मला दोन-तीन फोन येतात, आणि दरवर्षी मला ‘आता पुढच्या वर्षी’ म्हणावं लागतं.

अजून एक खड्डा सांगते. सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे टिसचा भरला असं होत नाही. संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, तिची वेगळी फी आणि वेगळी तारीख असते. परीक्षेत चांगले गुण मिळूनही केवळ या कारणाने घरी बसलेली मुलगी मी पाहिली आहे. गुणांनंतर संस्थेची दुसरी फेरी असते, आणि खरी चाळणी तिथे लागते.

दुसरा दरवाजा आपल्या राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांचा. इथे जून ते ऑगस्ट ही धावपळ. कुठे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, कुठे कॉलेजची लेखी चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत, कुठे नुसती गुणवत्ता यादी. बऱ्याच ठिकाणी पेपर मराठीत लिहिता येतात, आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांनी यात कमीपणा मानायचं कारण नाही. पुढे अर्ज, अहवाल, प्रतिज्ञापत्रं सगळं मराठीतच लिहायचं असतं, आणि ते नीट येणारी माणसं आमच्या क्षेत्रात शोधावी लागतात. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा दूरशिक्षणाचा एमएसडब्ल्यू आहे, पण त्यातही फील्डवर्क चुकत नाही.

‘वंचित घटक म्हणजे कोण रे?’

आता ज्याच्यासाठी लोक मला फोन करतात ते. फॉर्मबरोबर बऱ्याच ठिकाणी एक-दोन पानांचं निवेदन मागतात: हे शिक्षण का घ्यायचंय. जिथे लेखी मागत नाहीत तिथे मुलाखतीत तोंडी विचारतात. म्हणजे लिहून बघण्यातून सुटका नाहीच.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला एक मुलगा आमच्या संस्थेत यायचा. त्याने निवेदन लिहून आणलं, फेब्रुवारी महिना होता. पहिलं वाक्य असं: ‘समाजाचं आपण काहीतरी देणं लागतो या भावनेने, लहानपणापासून समाजसेवेची आवड असल्याने, वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी मी हा अभ्यासक्रम निवडत आहे.’

मी विचारलं, “वंचित घटक म्हणजे कोण रे?”

“म्हणजे… गरीब लोक, ताई.”

“तुझे आईवडील कुठे आहेत सध्या?”

“कारखान्याला.”

बीडच्या माणसाला हे उत्तर फोडून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला गेलेत. मी त्याला म्हटलं, हे पान ठेव बाजूला आणि ‘दिवाळी झाली की’ इथून सुरू कर. चार दिवसांनी त्याने आणलं ते त्याला विचारून इथे देते:

‘दिवाळी झाली की आमच्या वस्तीवर म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. बाकीचे कोयता घेऊन कारखान्याला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, ती फिटल्याशिवाय परत यायचं नाही. मी सातवीत असताना आजीजवळ राहिलो, कारण शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. माझी बहीण पाचवीत होती. ती धाकट्याला सांभाळायला आईबरोबर गेली आणि पुढे शिकली नाही. एकाच घरात मला ठेवलं आणि तिला नेलं, हे कसं ठरलं, मला अजून नीट कळलेलं नाही.’

(मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल म्हणजे त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम.) यात ‘वंचित’ शब्द नाही, कुणाचा उद्धार करायचं आश्वासन नाही. शेवटचं वाक्य तर चक्क ‘कळलेलं नाही’ म्हणतं. पण वाचणाऱ्याला कळतं की हा पोरगा स्वतःच्या घराकडेही बघू शकतो. पुढे त्याने आतापर्यंत काय केलं, ग्रामीण विकासाची शाखा का हवी आणि हीच संस्था का, हे तीन परिच्छेदांत लिहिलं. ते साधंच होतं, तेवढं पुरतं.

हे वाचून कुणी असा अर्थ काढू नका की दुःख जितकं मोठं तितकी जागा पक्की. मला त्याचीच भीती वाटते. गरिबी मांडून ठेवणारे अर्ज समितीसमोर ढिगाने येतात आणि ते चटकन ओळखू येतात. शिवाय स्वतःची जखम लिहायचीच असं बंधन कुणावर नाही. बहिणीचं लिहावं की नाही यावर तो मुलगा दोन दिवस अडला होता. तिला विचारलं, ती हो म्हणाली, मग लिहिलं. ही परवानगी घेण्याची सवय पुढे रोज लागते.

कोथरूडचा एक आयटीवाला आला होता, तिशीतला. म्हणाला, “ताई, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.” बोलता बोलता सोसायटीच्या कचऱ्याचा विषय निघाला. कचरा न्यायला येणारी बाई त्याला सहा वर्षं रोज दिसत होती आणि तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं. ती कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची सभासद निघाली. ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून. त्याने पहिल्यांदाच नाव ऐकलं. डायपर वेगळे बांधून द्यावेत असं त्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुचवलं आणि भांडण झालं. ठराव पडला. त्याने निवेदनात ते भांडणच लिहिलं: कोण काय म्हणालं, आणि आपण कुठे गप्प बसलो. फसलेला प्रयत्न लिहायला मुलं घाबरतात. मला तर अर्जात तेवढंच वाचावंसं वाटतं.

प्रमाणपत्रांचं म्हणाल तर काकांच्या ट्रस्टचं ‘सहा महिने स्वयंसेवक’ असं लिहून आणू नका. ‘तिथे तुम्ही सोमवारी सकाळी नेमकं काय करायचात?’ एवढा एक प्रश्न त्याला पुरतो.

गटचर्चा आणि मुलाखत

गटचर्चेत आठ-दहा जण, विषय साधारण ओळखीचा: दारूबंदी, आरक्षण, मोबाइल आणि मुलं. जो पहिल्यांदा आणि मोठ्याने बोलेल तो जिंकला असं मुलांना वाटतं. मी एका समितीत बसले होते तेव्हा एक मुलगी पहिली सात-आठ मिनिटं गप्प होती. मग तिने कोपऱ्यातल्या मुलाकडे वळून म्हटलं, “तुम्ही मघाशी गावातल्या भट्टीचं काहीतरी सांगत होता, ते राहिलं.” तिला घेतलं. गटकार्य म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मुलाखतीत पंडिती प्रश्न कमी असतात. वर्तमानपत्र वाचलेलं असावं, आपल्या जिल्ह्याची ठळक माहिती असावी, आणि ‘माहीत नाही’ म्हणता यावं. मला विचारलं होतं, तुमच्या गावातलं रेशन दुकान महिन्यातून किती दिवस उघडं असतं? मी गावातलीच, पण रेशन आणायला आई जायची. उत्तर आलं नाही. तसंच सांगितलं.

पाटोद्याच्या मुलाला सरांनी डिवचलं, “मुकादम म्हणजे खलनायकच, नाही का?”

तो म्हणाला, “सर, माझे मामाच मुकादम आहेत.” आणि मग त्याने सांगितलं की कारखान्याकडून पैसे आधी मुकादमाच्या अंगावर पडतात, एकच जोडी दोन मुकादमांची उचल घेऊन तिसरीकडे जाते तेव्हा मामाचीही जमीन गहाण पडते. आईचा हिशोब मामाच्या वहीत असतो आणि आई वाचू शकत नाही, हेही त्याने त्याच दमात सांगितलं. मुलाखत पुढे पंधरा मिनिटं चालली.

कागद

इथे थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र मागितलं जातं आणि ते आठवड्यात निघत नाही. ओबीसींनी लक्षात ठेवा, केंद्रीय संस्थेला नॉन क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यात आणि त्याच आर्थिक वर्षातलं लागतं. तहसीलचं राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्रीय संस्थेच्या फॉर्मवर तो रकानाच नसतो. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर प्रवेशानंतर लगेच भरा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करा. फीमध्ये अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा आकडा दोन्ही वर्षांचा मिळून विचारा.

शाखा आणि कॉलेज निवडताना

समुदाय विकास, कुटुंब आणि बालकल्याण, वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्य, मनुष्यबळ व्यवस्थापन अशा शाखा बहुतेक ठिकाणी असतात. मनुष्यबळाची शाखा इथे कशी आली असं कुणी विचारतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, आणि त्या खुर्चीसाठी समाजकार्याची पदवी चालू लागली. आजही पगार सगळ्यांत बरा याच शाखेत मिळतो, आणि नुसतं त्यासाठी ती घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.

बाकी शाखांत दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, संस्थांचे प्रकल्प, आणि महिला-मुलांसाठीचे विशेष कक्ष. हे कक्ष टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले आणि पुढे राज्यभर गेले. सुरुवातीचा पगार बेताचा आणि बरीच पदं कंत्राटी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मनोरुग्ण समाजकार्यात जायचं असेल तर एमएसडब्ल्यूवर भागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्या नावाने काम करायला पुढचं दोन वर्षांचं वेगळं शिक्षण लागतं.

आणि कॉलेज. इमारत, ग्रंथालय, नॅकची श्रेणी हे सगळं बघाच. पण काही ठिकाणी फील्डवर्क कागदावरच होतं: संस्थेचा शिक्का आणायचा, तीस अहवाल एका रात्रीत लिहायचे. असल्या ठिकाणची मुलं आमच्याकडे कामाला येतात तेव्हा पहिलं वर्ष आम्हालाच शिकवावं लागतं. म्हणून फी भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवा. त्याला विचारा, आठवड्यातून किती दिवस फील्डला जाता? शिबिर कुठे झालं? तुझ्या अहवालावर सुपरवायझरचा शेवटचा शेरा काय होता?

‘शेरा नसतो, सही असते फक्त,’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या कॉलेजला फोन लावा.